ग्रँड टूरर मोटारी : पल्ला, जागा आणि भार

मोटारींच्या इतिहासात ‘ग्रान तुरिस्मो’ किंवा इंग्रजी वळणाने ‘ग्रँड टूरर’ हे नाव ज्या वाहनांना मिळाले, त्यांची थोरवी सहसा वेग, रूप आणि किंमत या तीन गोष्टींवरून सांगितली जाते. त्यांच्या डिकीत काय मावते, मागच्या आसनावर कोण बसू शकते आणि रिकाम्या गाडीचे वजन किती भरते, हे विचारणे म्हणजे पैठणीच्या दुकानात जाऊन गोणपाटाचा भाव विचारण्यासारखे समजले जाते. हा समज मुळातच चुकीचा आहे. दोन माणसे आणि त्यांचे आठवडाभराचे सामान घेऊन एका दिवसात सात-आठशे किलोमीटर तोडायचे, वाटेत डोंगरातले घाट चढायचे-उतरायचे आणि मुक्कामी पोचल्यावर चालकाच्या पाठीला रग लागलेली नसावी, या एका कामासाठी ग्रँड टूररची कल्पना झाली. काम इतके नेमके असेल, तर उपयुक्तता हा अशा गाडीला वरून चिकटवलेला गुण ठरत नाही, ती तिच्या व्याख्येतच येते. आणि त्या कामासाठी जागा देताना निर्मात्याने काय सोडले व त्याला काय सोडवले नाही, याची नोंद शेवटी वजनाच्या आकड्यात होते. गेल्या वीस-बावीस वर्षांत या वर्गातील काही ठळक गाड्यांत हा आकडा दोन टनांच्या वर राहिला आणि अलीकडे तो वाढत असतानाच जागेचा आकडा आक्रसला, ही घटना म्हणूनच केवळ तांत्रिक तपशील मानून सोडून देण्यासारखी नाही.

या वर्गातील बहुतेक मोटारींचा सांगाडा ‘कूपे’ पद्धतीचा, म्हणजे दोन दरवाजांचा आणि मागे उतरत्या छपराचा असतो, आणि कूपे हा शब्दच मुळात जागेविषयीचा आहे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ ‘कापलेली’ असा होतो. घोड्यांच्या काळात समोरासमोर आसने असलेल्या ‘बर्लिन’ नावाच्या बंद गाडीचा एक भाग कापून जी दोघांपुरती आटोपशीर गाडी तयार होई, तिला हे विशेषण लागत असे. महाराष्ट्रातही कडबा आणि धान्य वाहणारा गाडा वेगळा आणि माणसांना परगावी नेणारी हलकी, छपराची दमणी वेगळी, हा भेद गावोगाव माहीत होता, आणि दमणीत जागा कमी म्हणून तिला कोणी गैरसोयीची म्हणत नसे, कारण तिच्याकडून अपेक्षाच निराळी होती. कापणे, म्हणजे काय न्यायचे नाही हे आधी ठरवणे, हा या वाहनप्रकाराचा पहिला संस्कार आहे.

‘जीटी’ ही अक्षरे लावणारी पहिली महत्त्वाची मालिका-निर्मित मोटार म्हणून अनेक अभ्यासक लान्चिया कंपनीच्या १९५१ सालच्या ऑरेलिया बी-२० या कूपेकडे बोट दाखवतात. तिचे इंजिन अवघ्या १,९९१ घन सेंटिमीटरचे होते, परंतु फ्रांचेस्को दे विर्जिलियो यांनी घडवलेली त्याची व्ही-६ रचना, म्हणजे तीन-तीन सिलिंडरांच्या दोन ओळी व्ही अक्षराप्रमाणे तिरप्या मांडण्याची पद्धत, मालिका-निर्मित मोटारींत ऑरेलियानेच प्रथम आणली, आणि तिच्यामुळे इंजिन आखूड होऊन बॉनेटखाली वाचलेली लांबी प्रवाशांकडे वळवता आली. क्लच आणि गिअरबॉक्स इंजिनाला जोडून न ठेवता मागच्या चाकांमध्ये बसवण्याची ‘ट्रान्सॲक्सल’ नावाची मांडणी तिच्यात होती, त्यामुळे भार पुढे-मागे वाटला गेला आणि पुढच्या दोघांच्या पायांशी येणारा गिअरबॉक्सचा उंचवटा गेला. याच गाडीने १९५१ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत, ब्रेशा ते रोम आणि परत अशा सुमारे १,६०० किलोमीटरच्या सार्वजनिक रस्त्यांवरील स्पर्धेत, जोव्हान्नी ब्राको यांच्या हाती एकूण दुसरा क्रमांक मिळवला. तिच्यापुढे राहिलेल्या फेरारीचे इंजिन तिच्या दुपटीहून मोठे होते. लहान इंजिनाची, मागे चिमुकली आसने असलेली प्रवासी गाडी इतक्या पुढे जाऊ शकली, ती ताकदीच्या जोरावर गेली नाही, हे या वर्गाच्या जन्मकथेत अधोरेखित करण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये हीच कल्पना वेगळ्या वाटेने आली, आणि वजनाच्या प्रश्नासाठी ती अधिक बोधक आहे. १९५२ साली विक्रीस आलेली बेंटली आर-टाइप काँटिनेंटल ही चार प्रौढांना खरोखर बसता येईल अशी, त्या काळातील सर्वांत वेगवान चार आसनी गाड्यांपैकी एक होती, आणि तिच्या नावातला ‘काँटिनेंट’ म्हणजे इंग्लिश खाडीपलीकडचे फ्रान्स-इटलीचे लांब, मोकळे रस्ते. तिच्या आराखड्यावर सर्वांत कडक बंधन घातले ते टायरांनी. ताशी १८०-१९० किलोमीटर वेग दीर्घकाळ ठेवायचा, तर तेव्हाचे टायर सुमारे १,७०० किलोहून अधिक भार सुरक्षितपणे सोसू शकत नव्हते. म्हणून एच. जे. मलिनर या कारागीर-संस्थेने तिचा सांगाडा हलक्या मिश्रधातूचा केला, आसनांच्या चौकटी आणि बंपरही त्याच धातूचे केले, आणि अनावश्यक ते सारे टाळले. पुढे ग्राहकांनी अधिक गुबगुबीत आसने आणि अधिक सोयी मागितल्या, गाडी जड होत गेली, आणि १९५४ मध्ये इंजिन ४,५६६ वरून ४,८८७ घन सेंटिमीटरवर नेण्यात आले. पुढील सत्तर वर्षांत जे घडणार होते त्याची बीजे या एका मालिकेतच दिसतात; एकूण २०८ गाड्यांच्या या लहानशा उत्पादनात आधी बंधनातून आलेली शिस्त आहे, आणि नंतर त्या शिस्तीची हळूहळू होणारी झीजही आहे.

जागेकडे वळल्यावर पहिली अडचण मोजमापाची येते. डिकीची जागा लिटरमध्ये सांगण्याची रीत आहे आणि त्यासाठी जर्मन वाहन-उद्योग संघटनेने रूढ केलेल्या ‘व्हीडीए’ पद्धतीत २० × १० × ५ सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत बसतील तितके बसवले जातात, आणि जितके ठोकळे तितके लिटर असा आकडा जाहीर होतो. पद्धत प्रामाणिक आहे, परंतु तो ठोकळा बांधकामाच्या विटेहून लहान असतो. तो चाकाच्या कमानीशेजारच्या खोबणीत जातो, मागच्या काचेखालच्या तिरप्या फटीत जातो, आणि प्रवाशाच्या सूटकेसला मात्र असे तुकडे करून जाता येत नाही. विमानाच्या केबिनमध्ये चालणारी ५५ × ४० × २० सेंटिमीटरची बॅग ४४ लिटरची भरते, म्हणून ३५८ लिटरच्या डिकीत अशा आठ बॅगा मावतील असा हिशेब कागदावर निघतो, पण डिकीचे तोंड अरुंद असेल किंवा उंची चाळीस सेंटिमीटरला एक-दोन बोटांनी कमी पडत असेल, तर तो हिशेब पहिल्याच बॅगेपाशी थांबतो.

याचे बोलके उदाहरण २०१९ साली आलेल्या मॅक्लारेन जीटीचे आहे. तिचे इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यभागी आहे. त्याच्यावर एका लांबट कप्प्यात ४२० लिटर आणि पुढच्या बॉनेटखाली १५० लिटर अशी एकूण ५७० लिटर जागा निर्माते सांगतात. २०१८ च्या बेंटली काँटिनेंटल जीटीची डिकी ३५८ लिटरची आहे. केवळ आकडे पाहणाऱ्याला मॅक्लारेन दीडपटीहून अधिक सामान नेते असे वाटेल, आणि स्कीइंगच्या लांब पट्ट्या किंवा गोल्फच्या काठ्या न्यायच्या असतील तर ते खरेही आहे. परंतु तो मागचा कप्पा उथळ आहे, इंजिनाच्या डोक्यावर असल्याने उष्णता रोखण्यासाठी तिथे खास व्यवस्था करावी लागली आहे, आणि दोन मोठ्या सूटकेस एकावर एक ठेवायची सोय तिथे नाही. उलट बेंटलीच्या डिकीत कमी लिटर असूनही त्या एका सलग, चौकोनी पोकळीत आहेत. जागा ही आकारमानापेक्षा आकाराची गोष्ट आहे, आणि घरातल्या कोठीच्या खोलीचा अनुभव असलेल्या कोणालाही हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. मॅक्लारेनच्या बाजूनेही मात्र एक मोठी गोष्ट नोंदवली पाहिजे. तिचे वजन सुमारे १,५३० किलो आहे, कारण तिचा मूळ सांगाडा कार्बन-तंतूंचा आहे. म्हणजे हलकेपणा आज अशक्य झालेला नाही.

या वर्गातील मागच्या आसनांना ‘टू प्लस टू’ म्हणतात, म्हणजे दोन पुरती आणि दोन नावापुरती. या आसनांकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हवी. साडेपाच फुटांचा माणूस तिथे अर्धा तासही सुखाने बसू शकत नाही, म्हणून त्यांची टवाळी होते; परंतु प्रत्यक्ष वापरात ती हाताशी असलेली सामानाची फळी आहे, जिच्यावर कोट, खाण्याचा डबा, कॅमेऱ्याची पिशवी आणि प्रसंगी लहान मूल येते, आणि डिकी न उघडता दिवसभर लागणाऱ्या गोष्टी जवळ राहतात. फेरारीने १९६० साली २५० जीटीई ही आपली पहिली मोठ्या संख्येने विकली गेलेली चार आसनी गाडी काढली, तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.६ मीटरच ठेवून इंजिन सुमारे २० सेंटिमीटर पुढे सरकवले आणि तेवढी जागा प्रवाशांना दिली. वेगाच्या प्रतिष्ठेवर जगणाऱ्या एका कारखान्याने भाराच्या समतोलातला थोडा वाटा प्रवाशांच्या गुडघ्यांसाठी खर्च केला, आणि ग्राहकांनी साडेनऊशेच्या आसपास गाड्या घेऊन त्या निर्णयाला कौल दिला.

परंतु उपयुक्ततेचा सर्वांत सखोल विचार या वर्गात कोणी केला असेल तर तो १९७७ च्या पोर्शे ९२८ ने. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांशी, म्हणजे ऑरेलियाचीच मांडणी. मागे पूर्ण उघडणारे काचेचे झाकण. स्वतंत्रपणे दुमडणारी दोन मागची आसने, ज्यामुळे तीन माणसे आणि एक लांब वस्तू अशी तडजोड शक्य झाली. सुकाणूचे चक्र वर-खाली केले की त्याबरोबर वेग व इंधन दाखवणाऱ्या तबकड्यांचा फलकही हलावा, म्हणजे उंच-बुटक्या कोणत्याही चालकाला आकडे झाकले जाऊ नयेत, ही योजना. आणि मागे बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर उतरत्या काचेतून येणारे ऊन अडवण्यासाठी त्यांच्यासाठीही सनव्हायझर. हे शेवटचे तपशील क्षुल्लक वाटतील, पण ज्याने मागे बसून दुपारचा प्रवास केला आहे त्यालाच ते सुचू शकतात, आणि अशा सुचण्यालाच आलिशानपणा म्हणायला हवे. या गाडीला १९७८ साली ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला, जो एरवी कौटुंबिक मोटारींना जातो. तिचे वजन सुमारे १,४५० किलो होते. १९९५ पर्यंत तिच्या सुमारे ६१ हजार प्रती निघाल्या. ग्रँड टूरर म्हणून तिच्या तोडीची कल्पकता नंतरच्या पन्नास वर्षांत क्वचितच दिसली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

जागेच्या प्रश्नाचे आणखी एक सरळ उत्तर ‘शूटिंग ब्रेक’ या आकारात आहे; मूळ शिकारीचे साहित्य व माणसे नेणाऱ्या घोडागाडीवरून हे नाव आले, आणि मोटारीत त्याचा अर्थ छप्पर मागपर्यंत सरळ नेऊन उभे झाकण दिलेली दोन दारांची गाडी असा होतो. ॲस्टन मार्टिनचे तेव्हाचे मालक डेव्हिड ब्राउन यांना आपला कुत्रा आणि पोलोचे साहित्य बरोबर नेता यावे म्हणून डीबी-५ ची अशी आवृत्ती करून घ्यावीशी वाटली, आणि मग हॅरल्ड रॅडफर्ड या कारागीर-संस्थेने इतरांसाठी अशा १२ गाड्या बनवल्या. २०११ च्या फेरारी एफएफने हाच आकार घेतला, चार प्रौढांना बसवले, डिकी ४५० लिटरची आणि आसने दुमडून ८०० लिटरची केली. उतरत्या छपराच्या प्रेमात पडलेल्या ग्राहकाला हा आकार फारसा रुचत नाही हे खरे, पण जागा वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, कारण थोडा पत्रा आणि थोडी काच सोडल्यास त्याला वजनाची किंमत मोजावी लागत नाही.

वजनाविषयी बोलताना न्यायबुद्धी राखणे अवश्य आहे, कारण भार हा या वर्गातील गाडीचा सर्वस्वी शत्रू नाही. शांततेसाठी वस्तुमान लागते. ध्वनिशास्त्रातील ‘वस्तुमानाचा नियम’ असा, की एखाद्या पडद्याचे दर चौरस मीटरला असलेले वस्तुमान दुप्पट केले तर त्यातून पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणून जाड काचा, फरशीखालचे जड थर आणि भरीव दरवाजे ही चैन असली तरी दहा तासांच्या प्रवासात कानांचा आणि मेंदूचा थकवा त्यांनीच कमी होतो. खड्ड्यांचे धक्केही जड गाडीत कमी जाणवतात, कारण स्प्रिंगवर तोललेल्या धडाचे वजन चाकांच्या मानाने जितके अधिक, तितके चाकाच्या उसळीने ते धड कमी हलते. आणि महामार्गावरील इंधनाचा हिशेब केला तर तिथेही भाराला सारा दोष देता येत नाही. ताशी १३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा गाडीला हवेचा विरोध हा टायरांच्या घर्षणविरोधाच्या साधारण दुप्पट असतो, आणि हवेला गाडीच्या वजनाशी काही कर्तव्य नसते, तिला समोरच्या अंगाचा पसारा आणि आकार तेवढा जाणवतो.

मग भार कुठे बाधतो? जिथे वेग बदलतो, दिशा बदलते किंवा उंची बदलते, तिथे. २,४५९ किलोची गाडी, म्हणजे २०२४ ची बेंटली काँटिनेंटल जीटी, ताशी १३० वरून थांबवायची तर ब्रेकांना सुमारे १६ लाख जूल ऊर्जा गिळावी लागते, आणि १,५३० किलोच्या गाडीसाठी हा आकडा १० लाखांच्या आत राहतो. वळणावर टायरची पकड भाराबरोबर वाढते खरी, पण त्याच प्रमाणात वाढत नाही, भार दुप्पट झाला तरी पकड दुपटीला पोचत नाही, म्हणून जड गाडीला तेच वळण त्याच वेगाने घेण्यासाठी अधिक रुंद टायर लागतात. घाटात हे सर्व एकत्र येते. इटलीतील स्टेल्व्हियो खिंड २,७५७ मीटर उंच आहे आणि तिथून प्राटोकडे उतरताना ४८ नागमोडी वळणे आणि अठराशे मीटरहून अधिक उतार लागतो. या उतारात २,४५९ किलोच्या गाडीची जी स्थितिज ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती साडेचार कोटी जुलांच्या जवळपास येते, तर आर-टाइप काँटिनेंटलच्या वजनाला ती तीन कोटींच्या थोडी वर राहते. बोरघाटात मालट्रकांच्या मागून उतरताना जळक्या ब्रेक-लायनिंगचा वास ज्याने घेतला आहे, त्याला हा फरक आकड्यांशिवायही कळेल.

याहून गंभीर बाब अशी, की भार स्वतःलाच वाढवत नेतो. जड गाडीला मोठे ब्रेक लागतात. २०१८ च्या काँटिनेंटल जीटीच्या पुढच्या ब्रेक-डिस्क ४२० मिलिमीटर व्यासाच्या आहेत. मोठी डिस्क मावण्यासाठी चाक मोठे लागते, म्हणून आर-टाइपच्या १६ इंची चाकांच्या जागी २१ आणि २२ इंची चाके आली, आणि चाक जड झाल्यावर, भारामुळे प्रवास मऊ होतो हा वर सांगितलेला फायदा बराचसा निसटला. वळणावर गाडी कलू नये म्हणून ४८ व्होल्टच्या विजेवर चालणारी, कल रोखणारी मोटरयुक्त यंत्रणा बसवावी लागली, आणि ती यंत्रणा, तिची वीज व तिच्या तारा पुन्हा वजनात जमा झाल्या. सर्व चाकांना ताकद देणारी व्यवस्था, तिच्यासाठी मजबूत सांधे, ते पेलण्यासाठी मजबूत सांगाडा, आणि या साऱ्याला खेचण्यासाठी अधिक अश्वशक्ती, असा हा रहाट फिरत राहतो. प्रत्येक भाग आपापल्या जागी समर्थनीय आहे, अभियंत्यांच्या कौशल्याला तर दादच दिली पाहिजे, परंतु त्यांच्या कष्टांचा मोठा वाटा भार झाकण्यात खर्च होतो आणि भार कमी करण्यात होत नाही.

या प्रवासाचे टप्पे एकाच नावाच्या गाडीत पाहता येतात. २००३ ची पहिली आधुनिक काँटिनेंटल जीटी फोक्सवागन समूहाच्या फेटन या मोठ्या सेदानच्या पायावर उभी होती. सहा लिटरचे, बारा सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे इंजिन, चारही चाकांना ताकद, वजन २,३८५ किलो, डिकी ३७० लिटर. २०१८ च्या पिढीत पाया बदलला, पुढची चाके १३५ मिलिमीटर पुढे सरकवून इंजिनाचा भार मध्याकडे आणला, वजन २,२४४ किलोपर्यंत उतरले आणि डिकी ३५८ लिटर राहिली. हा सुधारणेचा स्वच्छ पुरावा होता. २०२४ च्या पिढीत बारा सिलिंडर गेले, चार लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा ‘प्लग-इन हायब्रिड’, म्हणजे घरच्या प्लगवर चार्ज करता येणारा संकर आला, ताकद ७८२ अश्वशक्तीवर गेली, २५.९ किलोवॅट-तासांची बॅटरी मागच्या चाकांच्याही मागे बसली, पुढे-मागे भार जवळजवळ समसमान झाला, आणि वजन २,४५९ किलो तर डिकी २६० लिटर झाली. ९८ लिटर जागा, म्हणजे विमानात चालणाऱ्या दोन बॅगांहून थोडी अधिक जागा, बॅटरीने घेतली.

या बॅटरीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तिच्यावर ही गाडी शहरातील रोजचे अंतर इंजिन सुरू न करता जाते, आणि स्टेल्व्हियोसारख्या उतारावर जी ऊर्जा एरवी ब्रेकांच्या उष्णतेत वाया जाते, तिचा बराच भाग ती परत साठवू शकते. त्या उताराची सारी ऊर्जा सुमारे १२ किलोवॅट-तास भरते, म्हणजे वर चढताना रिकाम्या झालेल्या बॅटरीच्या जवळपास निम्मी. परंतु ज्या कामासाठी ग्रँड टूररची योजना झाली त्या लांब पल्ल्याच्या महामार्गावर बॅटरी पहिल्या तासाभरात संपते, आणि पुढच्या सहाशे किलोमीटरांसाठी ती प्रवाशांच्या बॅगांची जागा अडवून बसलेले ओझे होते. युरोपातील अधिकृत चाचणीपद्धतीत प्लग-इन हायब्रिडच्या उत्सर्जनाची सरासरी काढताना तिचा काही प्रवास विजेवर होतो असे गृहीत धरले जाते, म्हणून कागदावर ती अतिशय स्वच्छ ठरते, आणि निर्मात्यांचा या रचनेकडील ओढा समजण्यासारखा आहे. तरीही नियम शहरासाठी लिहिला गेला आणि त्याची किंमत लांबच्या वाटेवरील गाडीने मोजली, हे नाकारता येत नाही.

दुसरा ओढा ग्राहकाचा आहे, आणि तो अधिक खोलवर रुजलेला आहे. आज जी व्यक्ती अशी गाडी घेते तिला तीच गाडी शर्यतीच्या मोटारीइतक्या झेपेने निघायला हवी असते, शहरात विजेवर चालायला हवी असते, आसनांत मालिश हवी असते आणि संगीताचे डझन-दीड डझन ध्वनिवर्धक हवे असतात; म्हणजे कापण्याचा मूळ संस्कार उलटून आता जोडणे हेच आलिशानपणाचे लक्षण झाले आहे. या मागणीचे टोक उंच एसयूव्हीत दिसते. २०१५ ची बेंटली बेंटायगा, २०२० ची ॲस्टन मार्टिन डीबीएक्स आणि २०२२ ची फेरारी पुरोसांग्वे यांनी चार माणसांचा लांब पल्ला आपल्याकडे घेतला आणि कूपेला केवळ हौसेची गाडी करून टाकले. उंच गाडीत बसणे-उतरणे सोपे आणि सामान अधिक हे मान्य, पण उंचीमुळे हवेला भिडणारे अंग वाढते, म्हणजे महामार्गावर वजनापेक्षाही जे अधिक महाग पडते तेच वाढते, आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने कल रोखण्याचा सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. जागा हवी म्हणून उंची वाढवणे हा शूटिंग ब्रेकने फार पूर्वी सोडवलेल्या प्रश्नाचा अवजड उलगडा आहे.

अतिभाराचे परिणाम भारवाहनाच्या क्षमतेवरही होतात, याची आठवण १९९१ साली आलेल्या मर्सिडिझ-बेन्झच्या डब्ल्यू-१४० या एस-क्लासने जर्मनीत करून दिली होती. गाडी स्वतःच इतकी जड झाली होती, की कायदेशीर कमाल वजनातून ते वजा केल्यावर धडधाकट प्रवासी आणि त्यांचे सामान यांच्यासाठी उरलेली मुभा अपुरी पडते, अशी टीका तेव्हा झाली. कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर जे उरते त्याला भारक्षमता म्हणतात, आणि प्रवासाच्या दृष्टीने हाच सर्वांत खरा आकडा असूनही आलिशान गाड्यांच्या माहितीपत्रकात तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. फ्रान्सने आता हा प्रश्न करातून ऐरणीवर आणला आहे. २०२२ पासून १,८०० किलोच्या वरच्या गाड्यांवर दर किलोमागे कर सुरू झाला आणि २०२४ मध्ये ही मर्यादा १,६०० किलोवर आणली गेली, तर पॅरिसने ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांसाठी रस्त्यावरील पार्किंगचा दर तिप्पट केला. पन्नासच्या दशकात टायरांनी जे बंधन घातले होते ते आता नगरपालिका आणि अर्थखाते घालू पाहत आहेत. असे बंधन अन्यायकारक म्हणून फेटाळण्यापेक्षा ते आराखड्याच्या पहिल्या कागदावर लिहून घेणे या वर्गाच्या हिताचे आहे, कारण आर-टाइप काँटिनेंटल आणि बी-२० या दोन्ही गाड्या अभावातून आणि मर्यादेतूनच घडल्या.

संपूर्ण विजेवर चालणाऱ्या ग्रँड टूररमध्ये या निवडी अधिक उघड्या पडतात. मासेरातीने २०२३ च्या सुमारास ग्रानतुरिस्मो हे आपले जुने नाव एकाच देहात दोन प्रकारे आणले. पेट्रोलवरची गाडी १,७९५ किलोची आणि ३१० लिटर डिकीची, तर फोल्गोरे ही विजेवरची २,२६० किलोची आणि २७० लिटर डिकीची. फोल्गोरेची ९२.५ किलोवॅट-तासांची बॅटरी इतर बहुतेक विद्युत गाड्यांप्रमाणे फरशीभर न पसरता इंग्रजी टी अक्षराच्या आकारात, बॉनेटखाली आणि दोन आसनांमधल्या उंचवट्यात बसवली आहे, म्हणजे माणसे बॅटरीवर न बसता तिच्या शेजारी, कूपेला शोभेल अशी खाली बसतात आणि छप्पर उंच करावे लागत नाही. अधिक मोठी बॅटरी आणि अधिक पल्ला जाहिरातीत मिरवता आला असता. तो सोडून आसनाची उंची राखली गेली, आणि कापण्याच्या जुन्या संस्काराची ही अलीकडची सर्वांत स्पष्ट खूण आहे. पुढील काही वर्षांत बॅटरीच्या दर किलोमागे साठणारी ऊर्जा वाढत जाईल तेव्हा प्रत्येक निर्मात्यापुढे दोन मार्ग येतील, तेच वजन ठेवून आणखी अश्वशक्ती घ्यायची, किंवा तोच पल्ला ठेवून बॅटरी लहान करायची आणि मोकळी झालेली जागा डिकीला परत द्यायची. यांपैकी दुसरा मार्ग निवडणाऱ्या पहिल्या गाडीच्या माहितीपत्रकात वजन आधीच्या पिढीहून शे-दोनशे किलोंनी कमी आणि डिकी शंभर लिटरांनी मोठी छापलेली असेल, आणि मिलानहून सकाळी निघालेले दोन प्रवासी आपल्या दोन्ही मोठ्या बॅगा घेऊन संध्याकाळी नेपल्सला उतरू शकतील.